लॅपटॉप सुरक्षित कसा वापरायचा आणि जुना झाला की कुठे द्यायचा

टचपॅड दाबला तरी क्लिक होत नाही, झाकण लावलं तरी मधे फट राहते, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो. बहुतेक घरांत याला "जुना झालाय आता" म्हणतात आणि वर दोन जाड पुस्तकं ठेवून झाकण बसवायला बघतात. ते अजिबात करू नका, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते आणि ही सगळी लक्षणं ती फुगल्याची असू शकतात.

लॅपटॉपमधल्या लिथियम आयन बॅटरीचे सेल हल्ली बहुतेक वेळा पातळ पाकिटात बंद केलेले असतात. आतलं रसायन उष्णतेने, वयाने आणि कायम शंभर टक्के चार्जवर राहिल्याने हळूहळू विघटित होतं, त्याचा गॅस होतो, आणि पाकिटाला बाहेर सोडायला वाट नसते म्हणून ते फुगतं. वर्क फ्रॉम होमवाल्यांचे लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरला लावलेले असतात, त्यामुळे त्यांनी जास्त लक्ष ठेवायला हवं.

बॅटरी फुगली असेल तर

१. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, परत लावू नका. "एकदाच चालू करून फोटो कॉपी करतो" हा मोह होतो, पण तुमचे फोटो बॅटरीत नाहीत, डिस्कमध्ये आहेत, बॅटरी काढल्यावर ते निवांत काढता येतात.

२. लादीवर किंवा कडप्प्यावर ठेवा, गादी, पडदे, कागद यांच्यापासून लांब. हवाबंद डब्यात घालू नका आणि फ्रिजमध्ये तर नाहीच नाही.

३. सुईने भोक पाडून हवा काढायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तो गॅस पेट घेणारा आणि विषारी असतो, शिवाय सुई आतल्या थरांतून आरपार गेली की शॉर्ट सर्किट होतं.

४. सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून "बॅटरी फुगलीये" असं स्पष्ट सांगा, मग घेऊन जा. गच्च भरलेल्या बॅगेत कोंबून गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका, कुरियर करू नका.

फुसफुस आवाज आला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला किंवा धूर दिसला, तर लॅपटॉप वाचवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांना खोलीबाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. धूर छातीत जाऊ देऊ नका. एकदा विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे "विझलं की" म्हणून लगेच हात लावायला जाऊ नका.

फुगू नये म्हणून काय करायचं

चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते आणि बहुतेकांना माहीतच नसते. लेनोव्होच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये कन्झर्वेशन मोड आहे, आसूसच्या मायआसूसमध्ये आहे, डेलच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या पानावरसुद्धा मिळते. बॅटरी किती उरलीये ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि लगेच जोडून बॅटरीरिपोर्ट हे इंग्रजीत टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा २३,०००, तर अर्ध्याहून जास्त बॅटरी संपली, बदलायचं मनावर घ्या.

गादीवर, रजईवर ठेवून सिनेमे बघणं बंद करा, खालच्या जाळ्या बुजतात आणि पंखा नुसता घरघरत बसतो. उघड्या मांडीवर रोज तासन्‌तास ठेवणाऱ्यांना मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. एक पाट किंवा लाकडी फळी पुरते, महागडा कूलिंग पॅड लागतोच असं नाही.

हात लावला की झिणझिण्या येतात ते

चार्जर लावलेला असताना मेटल बॉडीवर मनगट टेकवलं की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं, पायात चप्पल नसेल तर जास्तच. अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेतला नको असलेला विद्युत गोंधळ (इंटरफिअरन्स) दाबण्यासाठी कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग असतो, त्यातून अगदी किंचित करंट बॉडीवर येतो. तीन पिनचा प्लग असेल आणि घरात अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. आपण काय करतो, तीन पिनला दोन पिनचं कन्व्हर्टर लावतो, किंवा जुन्या वाड्यात, चाळीत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते, मग तो करंट तुमच्यातून वाट काढतो. हा करंट एरवी जीवघेणा नसतो, पण तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही हे त्याने फुकटात सांगितलं असं समजा, कारण त्याच लाइनवर गीझर आणि वॉशिंग मशीन असेल तर तिथे खरा धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरने फेज आणि अर्थमधला व्होल्टेज बघायला लावा, २३० च्या आसपास यायला हवा.

काही लॅपटॉपचा चार्जर कंपनीकडूनच दोन पिनचा येतो, तिथे अर्थिंग असूनही थोड्या झिणझिण्या येतात, तो दोष नाही. पण हात झटकावा लागेल असा शॉक बसला तर तो चार्जर त्याच दिवशी बाद.

चार्जर बदलताना व्होल्ट तेवढाच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त, आणि पिन घट्ट बसायला हवी. यूएसबी सी असेल तर वॉट बघा. अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि आर अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा बघता येतो. बाजारातल्या डुप्लिकेट चार्जरवर खूण छापलेली असते पण नंबर टाकला की भलत्याच कंपनीचं नाव येतं, किंवा काहीच येत नाही. पैसे देण्याआधी दुकानातच बघा, दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की चार्जर काढा आणि लॅनची (राउटरमधून येणारी इंटरनेटची) वायरही काढा, ही वायर सगळेच विसरतात. चहा सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उघडा करून पालथा ठेवा आणि दुकानात न्या. तांदळात पुरायच्या नादात दोन दिवस घालवले की साखरेचा चहा आत गंज धरतो.

विमानात लॅपटॉप आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. बॅटरीची क्षमता १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर चालतं, आणि साध्या लॅपटॉपची बॅटरी त्याच्या आतच असते.

टाकायच्या आधी

खरंच टाकायचाय का ते एकदा बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न घेणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात "जुने" झाले. हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) लावा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, मुलांच्या अभ्यासाला आरामात चालतो. मला विचाराल तर माळ्यावर टाकून ठेवणं सगळ्यात वाईट. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय उकाडा असतो ते आपल्याला माहीत आहे, तिथे बॅटरी फुगते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. काही महिने ठेवायचाच असेल तर अर्धा चार्ज करून गार, कोरड्या कपाटात ठेवा.

द्यायचं ठरलं की डेटा. आधारचं स्कॅन, पॅन, आयटीआरच्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, सगळं त्यात असतं. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे झालं असं नाही, विंडोज फक्त ती जागा रिकामी म्हणून मांडतं, फुकटच्या सॉफ्टवेअरने ते परत येऊ शकतं.

१. बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

२. सगळ्या अकाउंट्समधून लॉगआउट करा, मोबाइलवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमधून तो लॅपटॉप काढा.

३. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग रीसेट. त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडा आणि चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा चालू करा. एसएसडी असेल तर रीसेटच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कमधला डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू करून पूर्ण होऊ द्या, म्हणजे मागे राहिलेले तुकडे कुणाला वाचताच येणार नाहीत. मॅकवर आधी फाइंड माय (हरवलेला मॅक शोधायची सोय) बंद करा, नवीन मॉडेल्समध्ये सगळं पुसायचा पर्याय सेटिंग्जमध्येच आहे.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये मागचं झाकण आणि दोनचार स्क्रू एवढंच काम असतं. डिस्क फोडायचीच असेल तर गॉगल घाला, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि चुरा उडतो.

कुठे द्यायचा

घंटागाडीत नको. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्र असतं, त्यात बॅटरी चिरडली की सगळी गाडी पेटू शकते आणि होरपळतो तो सफाई कामगार. भंगारवाल्यावर माझा राग नाही, तो बिचारा किलोवर घेतो, पण पुढच्या साखळीत तांब्यासाठी वायरी जाळतात आणि सोन्यासाठी बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, उघड्या हातांनी.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुना माल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी उत्पादक कंपनीवर टाकली आहे. म्हणून आधी तुमच्या ब्रँडच्या वेबसाइटवर ई-वेस्टचं पान शोधा. पुण्यात असाल तर कचरावेचकांची सहकारी संस्था 'स्वच्छ' ई-कचरा घेते, आणि 'पूर्णम इकोव्हिजन' संकलन मोहिमा घेते. बाकी ठिकाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत जवळचा नोंदणीकृत रिसायकलर सापडतो. एकट्याचा एक लॅपटॉप न्यायला ते कधीकधी नाही म्हणतात, अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाका, पाचसहा घरांतून पोतंभर माल सहज निघतो.

देताना काढलेली बॅटरी वेगळी ठेवा, तिच्या पिनांवर चिकटपट्टी लावा आणि फुगलेली असेल तर आधीच सांगा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर सीरियल नंबर लिहिलेली पावती मागून घ्या, ऑडिटवाले दोन वर्षांनीसुद्धा विचारतात.