टेम्प्लेटवरून मीडिया लायब्ररी ॲप करताय? या चुका टाळा

तयार टेम्प्लेट, म्हणजे विकत मिळणारा ॲपचा आयता साचा, घेऊन गाणी, व्याख्यानं किंवा फोटोंचं ॲप करणारी मुलं अडली की माझ्याकडे येतात. मी आधी त्यांचा ॲप्लिकेशन आयडी बघतो, म्हणजे ज्या एकमेव नावाने स्टोअर आणि फोन ते ॲप ओळखतात ते नाव. रंग बदललेला असतो, आयकॉन बदललेला असतो, पहिल्या पानावर नवा लोगो असतो आणि आयडीत मात्र टेम्प्लेट विकणाऱ्याचंच नाव तसंच राहिलेलं असतं.

फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गूगलचं साधन) कोरा प्रकल्प काढला तर आयडी 'कॉम.एक्झाम्पल'ने सुरू होतो. प्ले स्टोअर तो घेतच नाही, म्हणून ही चूक दारातच अडते. विकतच्या टेम्प्लेटमध्ये तसं होईलच असं नाही. त्या लेखकाने स्वतःचा डेमो प्रकाशित केलेला नसेल, तर त्याच्या नावाचा आयडी बिनबोभाट पुढे जातो.

एका तालुक्याच्या वाचनालयाकडे जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट होत्या. त्यांनी त्या डिजिटल करून घेतल्या आणि ओळखीच्या एका मुलाकडून ॲप बनवलं. मुलगा हुशार होता, पण घाईत होता. चार महिन्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर क्यूआर कोड छापायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी प्ले स्टोअरची लिंक पहिल्यांदा नीट वाचली. तिच्यात वाचनालयाचं नाव नव्हतं, भलत्याच कंपनीचं होतं. प्रकाशित झालेल्या ॲपचा आयडी बदलता येत नाही. नवा आयडी घेतला की अँड्रॉइडच्या लेखी ते वेगळंच ॲप होतं. जुने अभिप्राय गेले, आणि लोकांनी ऐकण्यासाठी उतरवून ठेवलेली व्याख्यानं जुन्या ॲपच्या खासगी जागेत अडकली. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. फोनवर एकाच चित्राची दोन ॲप्स पाहून ते गोंधळले. ग्रंथपाल बाई आठवडाभर एकेकाला फोनवर सांगत होत्या, "काका, जुनं काढून टाका, नवं राहू द्या." पाच मिनिटांचं काम एकाने टाळलं आणि निस्तरायला दुसऱ्यालाच लागलं, याचा मला अजून राग येतो.

माझी सवय अशी: कोड उघडण्याआधी आयडी कागदावर लिहायचा, संस्थेचं डोमेन, म्हणजे वेबपत्ता, उलटं करून, आणि तो संस्थेला दाखवून घ्यायचा. मग तो बदलायचा आणि सगळ्या प्रकल्पात टेम्प्लेटचं जुनं नाव शोधायचं. एकही निकाल येईनासा झाला की पुढचं काम. या शोधातच फायरबेसची, म्हणजे ॲपच्या नोंदी ठेवणाऱ्या गूगलच्या सेवेची, जुनी फाइल सापडते. ती आणि जुना आयडी दोन्ही तसेच राहिले, तर बिल्ड (कोडमधून ॲप तयार करणं) सुरळीत होतं आणि तुमच्या वापरकर्त्यांच्या नोंदी टेम्प्लेटवाल्याच्या खात्यात जमा होत राहतात. आयफोनचंही तसंच आहे. पहिलं बिल्ड ॲप स्टोअर कनेक्टवर (ॲपलकडे ॲप पाठवायची जागा) चढलं की बंडल आयडी, म्हणजे तिथला हाच आयडी, कायमचा झाला.

आता परवानग्या. जुनं टेम्प्लेट फोनमधल्या फाइली वाचायला एकच सरसकट परवानगी मागतं. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून फोटो, व्हिडिओ आणि ऑडिओ यांच्या परवानग्या वेगवेगळ्या झाल्या. ॲपचं टार्गेट, म्हणजे ते ज्या अँड्रॉइडसाठी बनवलंय त्याचा क्रमांक, ३३ (अँड्रॉइड १३) किंवा त्याच्या पुढचं ठेवलंत तर ती जुनी परवानगी निरुपयोगी आहे. ॲप बंद पडत नाही, फक्त यादी रिकामी दिसते, आणि मुलं दोन-दोन दिवस यादीच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. मग कुणीतरी व्हिडिओत पाहून सगळ्या फाइलींची परवानगी मागायचा 'जुगाड' करतं. त्या परवानगीसाठी प्ले स्टोअरला कारण द्यावं लागतं आणि मीडिया दाखवणं हे कारण तिथे चालत नाही. तुमची व्याख्यानं सर्व्हरवरून येत असतील तर फाइली वाचायची कोणतीही परवानगी ठेवू नका, मॅनिफेस्टमधून (ॲपच्या परवानग्या जाहीर करणारी फाइल) ओळच काढा. वापरकर्त्याला एखादाच फोटो निवडायचा असेल तर फोटो पिकर, म्हणजे फोनचाच फोटो निवडायचा पडदा, पुरतो, त्यालाही परवानगी लागत नाही.

स्क्रीन बंद असताना आवाज चालू राहायला हवा असेल तर अँड्रॉइड १४ साठी सर्व्हिसचा (ॲपचा मागे चालू राहणारा भाग) प्रकार मीडिया प्लेबॅक असा जाहीर करा, आणि आयफोनवर बॅकग्राउंड मोडमध्ये ऑडिओ चालू करा. डेमोमधली गाणी आणि चित्रं प्रकाशनाआधी काढा, त्यांचे हक्क तुमच्याकडे नसतात.

फोटोंच्या जाळीत, म्हणजे चौकटी-चौकटींच्या यादीत, मूळ आकाराचे फोटो भरू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून काही एमबीचा असतो, पण उलगडला की ४००० गुणिले ३००० गुणिले ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी घेतो. असे सहा दिसले की साधा फोन गुडघे टेकतो. लघुचित्रं वेगळी बनवा किंवा उलगडतानाच आकार कमी करा. डेमोत बारा हलकी चित्रं असतात म्हणून हे कळत नाही.

आणि देवनागरी! टेम्प्लेट बनवणाऱ्याने इंग्रजी नावं धरून ओळीची उंची पक्की केलेली असते. 'कीर्तन' लिहिलं की रफार कापला जातो, 'स्फूर्ती'चा खालचा उकार गायब होतो. उंची मोकळी सोडली की हे सुटतं. शोधाचं दुखणं जास्त खोल आहे. त्याच वाचनालयाच्या नव्या ॲपमध्ये एका आजोबांनी 'दुसऱ्या' शोधलं. दुसऱ्या महायुद्धावरचं व्याख्यान यादीत समोर दिसत होतं, शोधात येत नव्हतं. नावं दोन जणांनी दोन पद्धतींनी टंकली होती. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं, दुसऱ्याने र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला दोन. 'ॲ'चंही असंच: कुणी सलग अक्षर टंकतं, कुणी अ ला चंद्र लावतं. युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरांचं प्रमाण) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, या दोन्ही जोड्या एक करत नाही, म्हणून 'एक फंक्शन मारलं की झालं' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मी मूळ शीर्षकाला हात लावत नाही. शोधासाठी वेगळा रकाना करतो. त्यात ही रूपं एकसारखी करतो, १९९८ आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल एक धरतो. वापरकर्त्याने टंकलेला शब्दही त्याच गाळणीतून जातो. क्रम लावायला मराठी लोकेलचा कोलेटर, म्हणजे मराठी वर्णक्रमाने नावं लावणारं साधन, वापरतो, नाहीतर 'क्षितिज' क च्या रांगेत जाऊन बसतं आणि ज्याला ते शेवटी हवं तो शोधत राहतो.

नवं टेम्प्लेट हातात आलं की पहिल्याच दिवशी त्यातली डेमो यादी पुसून मी ही नावं घालतो: कीर्तन, स्फूर्ती, दुसऱ्या (दोन्ही तऱ्हांनी), ॲ (दोन्ही तऱ्हांनी), क्षितिज, ज्ञानेश्वरी, आणि दोन ओळींत न मावणारं एक लांबलचक शीर्षक. सोबत माझ्याच फोनमधले दोनशे फोटो, जसेच्या तसे.