तीन विनंत्या, एक पान

ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्यांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटे वेबपान केले होते. ट्रान्स-हार्बर लोकलचे वेळापत्रक, पावसाचा अंदाज आणि स्थानकाबाहेरच्या बसच्या वेळा त्यावर तीन वेगवेगळ्या सर्व्हरवरून येत. सुरुवातीला मी तिन्ही फेच (सर्व्हरकडे माहिती मागणाऱ्या विनंत्या) एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लावले. त्यांना अनुक्रमे ४००, ६०० आणि ५०० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर पान भरायला दीड सेकंद जातो. वास्तविक एकीचे दुसरीवाचून अडत नसल्याने ६०० मिलिसेकंदांत काम उरकायला हवे. त्यासाठी तिन्ही फेच अवेट न लावता आधी सुरू करावेत, मिळालेली प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराच्या जागी आधी हाती येणाऱ्या वस्तू) एका अ‍ॅरेत (क्रमवार यादीत) ठेवावीत आणि त्या साऱ्यांची एकत्र वाट पाहणाऱ्या प्रॉमिस.ऑलवर एकदाच अवेट करावे. उत्तरे कशीही मागेपुढे आली तरी निकाल अ‍ॅरेच्या क्रमानेच मिळतात. स्थानकाचा कोड आल्याशिवाय वेळापत्रक मागता येत नसेल, तर तेवढ्या जोडीतच एकामागून एक अवेट ठेवावे.

पुढे एका पावसाळी सकाळी नेमका अंदाजाचा सर्व्हर बंद पडला आणि लोकलच्या वेळा हाती आलेल्या असूनही अख्खे पान कोरे राहिले. प्रॉमिस.ऑलमधील एक जरी विनंती फसली तरी ते तत्काळ रिजेक्ट होते, म्हणजे अपयशी ठरते. बाकीच्या विनंत्या रद्द होत नाहीत, त्यांची उत्तरे येतात आणि वाया जातात. अशा ठिकाणी २०२० च्या जावास्क्रिप्ट मानकात आलेले प्रॉमिस.ऑलसेटल्ड वापरावे. ते सर्वांचा निकाल लागेपर्यंत थांबते. मग प्रत्येकाचे स्टेटस ‘फुलफिल्ड’ (यशस्वी) असल्यास व्हॅल्यू, म्हणजे आलेले उत्तर, दाखवावी, नसल्यास तेवढ्या चौकटीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) असा कोड दिला तरी फेच रिजेक्ट होत नाही, म्हणून रिस्पॉन्सचा, म्हणजे आलेल्या उत्तराचा, ओके हा गुणधर्म तपासून एरर आपणच थ्रो करावी, म्हणजे विनंती फसली असे धरायला लावावे. ही तपासणी विसरली जाते असा माझा अनुभव आहे, आणि मग ऑलसेटल्डही सारे काही आलबेल असल्याचे सांगते.

वापरणाऱ्याने ऐरोली निवडून लगेच वाशी निवडले आणि ऐरोलीचे उत्तर रेंगाळत मागाहून आले, तर वाशीच्या मथळ्याखाली ऐरोलीच्या गाड्या दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक निवडीला नवा अबॉर्टकंट्रोलर (चालू विनंती रद्द करण्याची सोय) करून त्याचा सिग्नल फेचला द्यावा आणि तत्पूर्वी जुन्याचे अबॉर्ट बोलवावे. त्यामुळे येणारी अबॉर्टएरर कॅचमध्ये (एरर हाताळणाऱ्या भागात) ओळखून सोडून द्यावी. ती वापरणाऱ्याला दाखवण्याचे कारण नाही.