सहावी ते आठवीचं पाणी आणि समुद्र परत करताना: काय उपयोगी पडलं, कुठे अडकले

शिकवण्याच्या नोकरीची परीक्षा द्यायची म्हणून सहावी ते आठवीचं विज्ञान-भूगोल परत हातात घेतलं, आणि वेळापत्रक करताना पाणी या विषयाला मी दोनच दिवस ठेवले होते. जलचक्र येतं, भरती-ओहोटी येते, महासागरांची नावं पाठ आहेत, मग अजून काय वाचायचं? त्याच आठवड्यात भाची शेजारी अभ्यासाला बसली होती, तिने सहज विचारलं, "मावशी, समुद्रात नद्यांचंच पाणी जातं ना, मग नदीचं पाणी गोडं आणि समुद्राचं खारट कसं गं?" मी उत्तर द्यायला गेले आणि दुसऱ्या वाक्यालाच थांबले. त्या एका प्रश्नाने दोन दिवसांचे पाच आठवडे झाले, पण ते पाच आठवडे इतके कामी आले की आता सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहावंसं वाटतंय.

पहिली अडचण म्हणजे हा विषय पुस्तकात एका जागी नाहीच. जलचक्र आणि सागरी प्रवाह भूगोलात, घनता विज्ञानात, द्रावण वेगळ्या धड्यात, अन्नसाखळी अजून तिसरीकडे, त्यात वाफेचं पाणी होण्याला कुठे संघनन म्हणतात कुठे सांद्रीभवन. आपण प्रत्येक धडा वेगळा पाठ करतो आणि मग प्रश्न जरा तिरका आला की चारही धडे येत असून उत्तर येत नाही. म्हणून मी धड्यांचा क्रमच सोडला. एक कोरी वही घेतली, प्रत्येक पानावर वर एकच "का" वाला प्रश्न, आणि त्याचं उत्तर लिहायला ज्या ज्या धड्यात जावं लागेल तिथे जायचं. माझा या विषयाचा खरा अभ्यास या वहीने झाला, बाकी सगळं तिच्या जोडीला.

पहिलं पान भाचीच्या प्रश्नाचं. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, ते खडकांवरून वाहताना थोडे थोडे क्षार विरघळवून घेतं, नदीत ते इतके कमी असतात की जिभेला कळत नाहीत. समुद्रात पोचल्यावर सूर्य वाफ करून वर नेतो ते फक्त पाणी, क्षार खालीच राहतात. हे कोट्यवधी वर्षं चाललंय, शिवाय समुद्रतळाच्या ज्वालामुखींमधून आणि गरम झऱ्यांमधूनही क्षार येतात. म्हणून आज समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार आहेत. बघा, एका उत्तरात द्रावण, बाष्पीभवन, खडकांची झीज आणि जलचक्र चारही आले.

टक्केवारी पाठ करायचा मला मनापासून कंटाळा, म्हणून ती मापून बघितली. एक लिटरची बाटली म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी धरलं. त्यातलं ९७५ मिली खारं, ते बाजूला. उरलं २५ मिली गोडं, छोट्या झाकणभर. त्यातलं १७ मिलीच्या वर बर्फ म्हणून ध्रुवांवर आणि हिमनद्यांमध्ये अडकलेलं, साडेसातच्या आसपास जमिनीखाली. मग जगातल्या सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची सगळी तळी मिळून किती, तर ड्रॉपरचे एक-दोन थेंब. ते थेंब मी बशीत टाकून कितीतरी वेळ बघत बसले होते. त्यानंतर तो तक्ता परत वाचावा लागला नाही.

वाफेबद्दल एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते, माझीही होती. किटलीच्या तोंडातून पांढरं निघतं त्याला आपण वाफ म्हणतो, पण खरी वाफ दिसतच नाही. नीट बघितलं तर तोंडापाशी बोटभर जागा रिकामी दिसते, तिथे वाफ आहे, आणि पुढे जो पांढरा धूर दिसतो ते थंड हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब आहेत. ढगही तेच. हे कळलं की संघनन वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता घनता. माझ्या मते हा सगळा विषय ज्या एका खुंटीला टांगलाय ती ही. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, त्याखाली गेलं की परत हलकं व्हायला लागतं आणि बर्फ तर आणखी हलका. म्हणून तळं वरून गोठतं, खाली ४ अंशांच्या आसपासचं पाणी राहतं आणि मासे जगतात. इथपर्यंत सगळ्यांना येतं, पण प्रश्न समुद्राबद्दल आला की लोक हेच उत्तर लिहून मोकळे होतात, आणि ते चुकतं. समुद्राच्या नेहमीच्या खारट पाण्याला हा ४ अंशांचा नियम लागू नाही, ते गोठेपर्यंत जड होत जातं आणि गोठतं साधारण उणे १.८ ला. बर्फ तयार होताना बरेचसे क्षार बाहेर टाकले जातात, म्हणजे आजूबाजूचं पाणी अजून खारट, अजून जड, आणि ते खाली बुडतं.

यावर एक प्रयोग सांगते, तो वाचू नका, कराच. पाण्यात शाई घालून बर्फाचे खडे केले. दोन सारखे ग्लास, दोन्हीत खोलीच्या तापमानाचं पाणी, एकात तीन-चार चमचे मीठ पूर्ण विरघळवलं, आणि दोन्हीत एकेक निळा खडा सोडला. आधी भाचीला विचारलं कुठला लवकर वितळेल, ती म्हणाली मिठाचा, मलाही तेच वाटत होतं, मीठ टाकलं की बर्फ लवकर वितळतो हे आपण ऐकलेलं असतं ना. झालं उलटं. साध्या पाण्यात खड्याखालून निळे धागे सुटले आणि सरळ तळाला गेले, पाणी ढवळल्यासारखं वरखाली होत राहिलं आणि खडा भराभर संपला. मिठाच्या ग्लासात धागे सुटलेच नाहीत, वितळलेलं गोडं गार पाणी हलकं म्हणून वरच थांबलं, निळा पट्टा तयार झाला आणि खडा आपल्याच थंड पाण्यात बसून राहिला. पहिला संपला तेव्हा हा अर्धाअधिक शिल्लक होता. भाची ग्लासाला नाक लावून म्हणाली, "मावशी, याला खाली जाताच येत नाहीये." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

ते निळे धागे डोक्यात ठेवा, कारण खोल समुद्राचे प्रवाह म्हणजे तेच, फक्त आकार प्रचंड. ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाजवळ थंड, खारट, जड पाणी तळाला बुडतं आणि तळातून जगभर सरकत जातं, एक फेरी पूर्ण व्हायला हजार वर्षांच्या आसपास लागतात. वरचे प्रवाह वेगळे, ते मुख्यतः वाऱ्यामुळे. आणि लाट म्हणजे प्रवाह नाही हे स्वतःला बजावून ठेवा. लाटेत ऊर्जा पुढे जाते, पाणी जवळजवळ तिथल्या तिथे गोल फिरतं, पाण्यावर पडलेलं पान बघा, ते वरखाली होतं आणि जागेवरच राहतं. प्रवाह मात्र वस्तू घेऊन जातो. १९९२ च्या जानेवारीत पॅसिफिक महासागरात जहाजावरून एक कंटेनर पडला, त्यात २८ हजारांहून जास्त प्लॅस्टिकची खेळणी होती, पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. दहा महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली, आणि संशोधकांनी ती कुठे कधी सापडली त्यावरून प्रवाहांचा वेग आणि मार्ग ताडून बघितला. मुलांना शिकवायचं असेल तर इथून सुरू करा.

भरती-ओहोटीवर मी फार वेळ घालवला नाही, तुम्हीही नका घालवू. दोनच जागा पक्क्या करा. एक, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं का? कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरेपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. दोन, सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी जोरात ओढतो तरी भरतीत चंद्र वरचढ का? कारण भरतीसाठी नुसती ओढ नाही तर पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूवरच्या ओढीतला फरक लागतो, आणि चंद्र जवळ असल्यामुळे तो फरक त्याचा जास्त पडतो. पलीकडच्या बाजूलाही फुगवटा का येतो तेही यातच आलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, बस.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पाण्यातली परिसंस्था. "मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो" हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की तो ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतला आहे असंच बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मासा पाणी फोडत नाही, हवेतून किंवा पाणवनस्पतींकडून येऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तो कल्ल्यांमधून घेतो, आणि तो असतो फार थोडा. शून्य अंशाला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण १४.६ मिलीग्रॅम मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. एक लिटर हवेत जवळजवळ पावणेतीनशे मिलीग्रॅम असतो, त्याच्याशी तुलना करा म्हणजे मासा किती काटकसरीत जगतो ते कळेल. हा आकडा कळला की गरम पाणी नदीत सोडलं तर मासे का तडफडतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुपोषण, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्यं गरजेपेक्षा जास्त होणं, याचं उत्तरही इथूनच निघतं. शेतातली खतं आणि सांडपाणी तळ्यात गेलं आणि मासे मेले, तर खूप जण लिहितात की विषारी झालं म्हणून मेले. पायऱ्या वेगळ्या आहेत: नायट्रोजन-फॉस्फरस मिळाल्यामुळे शैवाल बेसुमार वाढतं, खाली उजेड पोचत नाही, शैवाल मरून तळाला जातं, ते कुजवणारे जिवाणू वाढतात आणि तेच विरघळलेला ऑक्सिजन संपवून टाकतात. मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात. या पायऱ्या क्रमाने लिहिता आल्या पाहिजेत, एक सुटली की उत्तर कोसळतं.

दुसरा प्रश्न माझ्या वहीत मोठ्या अक्षरात आहे: निळंशार स्वच्छ समुद्राचं पाणी जिवांनी गच्च भरलेलं असतं का? बहुतेक वेळा उलट असतं. उष्ण कटिबंधातलं भर समुद्रातलं नितळ निळं पाणी नितळ दिसतं कारण त्यात वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे, उजेडावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीव) कमी, आणि ते कमी कारण पोषकद्रव्यं खाली बुडालेली. उजेड वर, खत खाली, दोघांची गाठ पडत नाही, कारण वरचा गरम हलका थर खालच्या थंड जड पाण्यावर झाकणासारखा बसलेला (बघा, परत घनता). जिथे वारा वरचं पाणी ढकलून देतो आणि खालचं थंड पाणी वर येतं तिथे प्लवक फोफावतं आणि मासेच मासे. पेरूच्या किनाऱ्यावर हेच होतं, आणि एल निनोच्या वर्षी, म्हणजे तिथलं समुद्राचं वरचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं त्या वर्षी, खालून वर येणारं पोषक पाणी कमी झालं की मासळी घटते. १९७२ च्या एल निनोच्या वेळी तिथली अँचोव्ही मासेमारी कोसळली, आधीची बेसुमार मासेमारी होतीच. उजेड नसेल तर जीवनच नाही हेही पूर्ण खरं नाही, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी अख्खी वस्ती सापडली जी सूर्यप्रकाशावर नाही तर रसायनांपासून अन्न बनवणाऱ्या जिवाणूंवर जगते.

अन्नसाखळीच्या थरांच्या पिरॅमिडबद्दल एक सांभाळा. जमिनीवर खालचा थर सगळ्यात जड, पण समुद्रात वजनाचा पिरॅमिड उलटा असू शकतो, म्हणजे कुठल्याही एका क्षणी वनस्पती प्लवकांचं वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरू शकतं. कारण ते इतक्या वेगाने वाढतात आणि खाल्ले जातात की साठा दिसतच नाही. ऊर्जेचा पिरॅमिड मात्र कधीच उलटा होत नाही. हे दोन मी सुरुवातीला सारखे एकत्र करत होते.

वेळ कमी असेल तर महासागरांची क्षेत्रफळं आणि गर्तांची नावं शेवटी ठेवा, आधी घनता, विरघळलेला ऑक्सिजन आणि उजेड हे तीन नीट करा. आणि रोज रात्री एक पान वही बंद करून कुणालातरी मोठ्याने सांगा, समोरचं कुणी लहान असेल तर उत्तम. भाचीला पहिलं पान सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली आणि लगेच पुढचं विचारलं, "मग समुद्र दरवर्षी अजून खारट होत जाणार का?" त्यासाठी नवीन पान घेतलं. नद्या क्षार आणतात तसे ते बाहेरही पडतात, काही तळाच्या गाळात बसतात, काही तळाच्या खडकांशी प्रक्रिया होऊन अडकतात, आणि कॅल्शिअम तर शिंपले आणि प्रवाळ आपल्या कवचात घेतात, त्यामुळे आवक-जावक जवळपास सारखी राहते. तिने त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक शिंपला काढून ठेवलाय.