वसंतराव देशपांडे ऐकायचे कसे? अकोल्याच्या तबलजीने लावलेला क्रम

सिनेमा बघून वसंतरावांच्या प्रेमात पडलेली पोरं माझ्याकडे तबला शिकायला येतात. कुणी २०१५चा ‘कट्यार काळजात घुसली’ पाहिलेला, कुणी २०२२चा ‘मी वसंतराव’. घरी जाऊन थेट लांबलचक ख्याल लावतात आणि विलंबितातच, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागातच, पेंगतात. त्यांना मी सांगतो, हा माणूस आधी नट म्हणून पकडा, गवई मग आपोआप सापडतो.

जन्म १९२०चा, आमच्या मूर्तिजापूरचा. वाढले नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. भालजी पेंढारकरांच्या १९३५च्या ‘कालियामर्दन’मधला कृष्ण म्हणजे हाच मुलगा. (शोधताना सांभाळा. याच नावाचा फाळक्यांचा १९१९चा मूकपट आहे, त्यातला कृष्ण फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.) आणि मग काय? लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी! पूर्णवेळ गवई व्हायला चाळिशी उलटावी लागली.

आता बसा ऐकायला. पहिल्या दिवशी फक्त ‘घेई छंद मकरंद’. १९६७च्या ‘कट्यार’ नाटकात हे पद दोन चालींत आहे, दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या. नाटकात दोन गवई पात्रं, पंडितजी आणि खांसाहेब. पंडितजींची चाल धानी रागातली, प्रसाद सावकारांनी गायलेली. खांसाहेबांची सालगवराली रागातली, ती वसंतरावांची. आधी सावकारांची ऐका, शब्द पाठ होऊ द्या. मग वसंतरावांची लावा. शब्द आता माहीत आहेत, तेव्हा फक्त फेक ऐका. कुठे डिवचतात, कुठे मुद्दाम थांबतात, तान कशी अंगावर सोडतात. तो खांसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले गातोय. गळा कुठला आणि नट कुठला, वेगळं काढून दाखवा मला!

हे मुरलं की ‘सुरत पिया की’. मांडीवर ठेका धरा. यात राग बदलत जातात, ते ओळखण्याच्या नादी सध्या लागू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना हा माणूस तुम्हाला चकवतो का, एवढंच बघा. चकवतोच. तबला स्वतः जाणणारा गवई, त्याला लयीची भीती कसली?

भावगीतं रात्री ऐका. वा. रा. कांतांचं ‘बगळ्यांची माळ फुले’, चाल श्रीनिवास खळ्यांची. कवी अनिलांचं ‘कुणि जाल का, सांगाल का’, चाल यशवंत देवांची. नाटकात एवढा धुमाकूळ घालणारा गळा इथे हात आखडता घेतो.

‘दाटून कंठ येतो’ मात्र नुसतं ऐकू नका, बघा. १९७९च्या ‘अष्टविनायक’मध्ये आवाज त्यांचा आणि पडद्यावरचा बापही तेच. त्यातला नायक सचिन पिळगांवकर, तोही एकेकाळचा बालनट. पुढे २०१५च्या ‘कट्यार’मध्ये खांसाहेब झाला तो हाच सचिन, आणि त्याला गळा दिला वसंतरावांच्या नातवाने, राहुलने. असे योग जुळवून आणायला गेलं तर जुळत नाहीत.

मारवा राग सगळ्यात शेवटी. हा त्यांनी लाहोरला असद अली खांसाहेबांकडून घेतला. लावण्याआधी फोनवर तानपुरा सुरू करा आणि स्वर स्वतः म्हणून बघा. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) नाहीच. रिषभ आणि धैवतावर (ध) रेंगाळायचं आणि षड्ज (सा) टाळत राहायचं. पाच मिनिटांत जीव कासावीस होतो. झाला नाही तर स्वर नीट लागले नाहीत, पुन्हा म्हणा. मग दिवेलागणीला रेकॉर्डिंग लावा, सकाळी नको. ताना मोजू नका. षड्जावर कधी येतात याची वाट बघा, आणि आल्यावर लगेच कसे उठून जातात तेही बघा.

पूर्ण झेपत नसेल तर द्रुतापासून, म्हणजे जलद भागापासून, सुरू करा, विलंबित दुसऱ्या दिवशी ऐका. उलटा क्रम लावला म्हणून कुणी जाणकार ओरडला तर त्याला माझ्याकडे पाठवा.