गिअरबॉक्समधून तेल गळतंय? या चुका टाळा

इंजिनमधले तेल थोडेफार जळून कमी होऊ शकते. गिअरबॉक्समधले तेल मात्र बंद घरात फिरत असते आणि जळून संपत नाही. त्यामुळे त्याची पातळी खाली गेली असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडले आहे हे नक्की समजावे. गळती न शोधता अधूनमधून वरून तेल ओतत राहणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हेच तेल दाबाने क्लच धरून ठेवते आणि उष्णताही वाहून नेते. पातळी घसरून पंप हवा ओढू लागला की गिअर उशिरा पडतात, क्लच घसरतात आणि शेवटी जळतात.

डाग दिसताच निष्कर्ष काढण्याचीही घाई नको. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. ताजे ऑटोमॅटिकचे तेल बहुधा लाल असते आणि जुने झाले की तपकिरी पडते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या दाट तेलाला अनेकदा गंधकासारखा उग्र दर्प येतो. एसीचे पाणी रंगहीन असते. मात्र थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही, कारण चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरते. म्हणून खालची बाजू पुसून कोरडी करावी, थोडे अंतर गाडी चालवावी आणि मग बॅटरीच्या उजेडात ओल सर्वांत वर कुठे आहे ते पाहावे.

पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलपात्राचे) गॅस्केट म्हणजे सांध्यातली पट्टी, ड्रेन प्लगचा (तेल काढायच्या बुचाचा) वॉशर, अ‍ॅक्सलचे म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे ऑइल सील आणि तेल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप या गळतीच्या नेहमीच्या जागा. पॅन पाझरतो म्हणून बोल्ट जोर लावून आवळले, तर पॅनची कड वाकते, गॅस्केट चेपते आणि गळती उलट वाढते. बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावेत आणि तेल बदलताना वॉशरही नवा घालावा. एका जागेकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते: गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र किंवा नळी. तो चिखलाने बुजला की तापलेल्या हवेला वाट उरत नाही, आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी केवळ सील बदलल्यास नवे सीलही गळू लागते.

पातळीपेक्षा जास्त तेल भरल्यास फिरत्या भागांनी ते घुसळून फेसाळते आणि ब्रीदरमधून उतू जाते. पातळी तपासण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. अनेक गाड्यांत तेल गरम आणि इंजिन चालू असताना ती पाहतात, तर काहींत डिपस्टिकच (पातळी पाहायची पट्टी) नसते. त्यामुळे गाडीची पुस्तिका पाहावी आणि तेलही तिच्यात दिलेल्या प्रतीचेच घालावे. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) साधे ऑटोमॅटिकचे तेल चालत नाही. गळती थांबवणारी रसायने रबर फुगवून काही काळ आराम देतात, पण फाटलेले सील किंवा तडकलेला पाइप त्यांनी सांधत नाही.

गळती मोठी असेल, तर गाडी चालवत गॅरेज गाठण्याचा मोह टाळावा. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढूनही नेऊ नये. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समधला पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे भाग तेलाविना घासतात. ती चारही चाके उचलून वाहनावर चढवूनच न्यावी.