पोरगं कमावतं झालं, तर घराने काय करावं

कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीच्या चित्रनगरीत पोराची मालिकेसाठी निवड झाली की गल्लीत पेढे वाटले जातात. त्याच आठवड्यात, पहिलं मानधन यायच्या आधी, पुढच्या गोष्टी ठरवून टाका. पैसे हातात आल्यावर ठरवायला बसलं की वाद मोठ्यांचा होतो आणि त्याचा घोर पोराला लागतो.

आधी पोराच्या नावाचं पॅनकार्ड काढा आणि बँकेत खातं उघडा. मानधन वडिलांच्या खात्यावर घेतलं तर टीडीएसही (मानधन देतानाच कापलेला कर) त्यांच्याच पॅनवर दिसतो आणि पैसे नक्की कुणाचे, हा घोळ पुढे वर्षानुवर्षे चालतो. स्वतःच्या कलेवर मिळवलेलं मानधन हे कर भरताना पोराचंच उत्पन्न धरतात. त्या पैशांवरचं व्याज मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवलं जातं. सीएकडे हे दोन आकडे वेगवेगळे द्या.

१४ वर्षांखालच्या कलाकाराच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत थेट गेले पाहिजेत, असा २०१७ पासूनचा नियम आहे. ठेवपावतीची प्रत मागून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते, तीही बघा. काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नको आणि सलग २७ दिवसांच्या वर नको. रील्सच्या जाहिरातीचे किंवा कुस्तीच्या मैदानातल्या इनामाचे पैसे थेट घरी येतात, तिथे ठेवीची आठवण करून देणारं कुणी नसतं. तिथे निम्मे तरी त्याच दिवशी ठेवीत टाका.

आता खरं दुखणं. शूटिंगला सोबत हवी म्हणून वडील नोकरी सोडतात. दोन महिन्यांत किराणा पोराच्या मानधनावर येतो. मग पोरगं दमलं तरी ‘आज नको’ म्हणू शकत नाही, आणि बाप रागावला की ‘मी कमावतो’ हे उत्तर तयार असतं. त्यात चूक पोराची नाही. म्हणून एकाचा तरी पगार चालूच ठेवा. सोबतीला आजी, मामा, आत्या आलटून पालटून जाऊ देत. जॅकी कूगन या हॉलिवूडच्या बालकलाकाराला मोठं झाल्यावर कळलं, की आपली कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली. १९३८ मध्ये त्याने आईवरच दावा लावला. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, पण नातं कायद्याने सांधलं जात नाही.

एक वही करा. पोराच्या पैशांतून शाळा, प्रवास, कपडे, खुराक आणि औषधपाणी एवढंच. घराचा स्लॅब, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीचं लग्न यासाठी नाही. अगदीच नड आली तर ‘उसने’ म्हणून रक्कम आणि तारीख लिहा, दोघांनी सही करा आणि फेडा. दहा वर्षांच्या पोराला हा हिशेब कळतो, त्याला दर महिन्याला वही दाखवा. पाहुणे हातउसने मागायला येणारच. त्यांना नकार एकानेच द्यायचा: ‘पैसे ठेवीत आहेत, अठरा झाल्यावर त्याचं तोच बघेल.’ पोरासमोर ही बोलणी नकोत.

जमीन किंवा प्लॉट त्याच्या नावे घेणार असाल तर थांबून विचार करा. सातबाऱ्यावर अ.पा.क. (मालक अज्ञान असून पालक त्याच्या वतीने बघतो, अशी नोंद) लागलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. पोराच्या दृष्टीने हे चांगलंच, पण अडीनडीला मोडता येईल म्हणून घेऊ नका.

घरातल्या दुसऱ्या लेकराकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आई सेटवर, बाबा प्रवासात, आणि ते शेजारी जेवतं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्याचा ठेवा. रंकाळा तलावावर फक्त त्याला घेऊन जा. ‘दादा बघ कसा कमावतो’ हे वाक्य घरात कुणीच, आजीनेसुद्धा, उच्चारायचं नाही.

अठरा पूर्ण झाले की बँकेत नवी सही आणि केवायसी लागते, नाहीतर खातं अडकतं. त्याच दिवशी ठेवपावत्या आणि ती वही त्याच्या हातात द्या.