अटाल्यात गेलेलं पितळ परत कसं आणावं

इंदुरात रस्त्यावरच्या कचरापेट्या कधीच गेल्या. घरातला कचरा वेगवेगळा होऊन थेट गाडीत पडतो. 2017 ते 2023 सलग सात वर्षं शहर स्वच्छतेत पहिलं आलं, त्यात या सवयीचा मोठा वाटा. तेव्हा उकिरड्यावर काही गवसेल ही आशा सोडा. पितळ-तांबं गाडीत कुणी टाकत नाही, ते अटालेवाल्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, हातगाडीवर चढतं. आणि तिथे घंगाळ काय, समई काय, सगळं किलोवर.

दिवाळीच्या आवराआवरीचे पंधरा दिवस आणि जुनं घर पाडायच्या आधीचा आठवडा, हे दोन मोसम. ओळखीच्या अटालेवाल्याला आधीच सांगून ठेवा: भांडं चेपू नका, आधी दाखवा. जागा वाचवायला ते हातोड्याने सपाट करतात, आणि एकदा चेपलं की कळशी काय आणि पत्रा काय, सारखंच. त्या दिवशीचा मोडीचा भाव कसेरा बाजारात, म्हणजे भांड्यांच्या बाजारात, विचारून जा. मोडीवर थोडे जास्त दिले तरी अटालेवाला खूश असतो. घडणावळ तुम्हाला जवळजवळ फुकट मिळते.

सोबत लोहचुंबक, टॉर्च, अर्धं लिंबू आणि फडकं न्या.

चुंबक भांड्याच्या पोटाला लावा, काठाला नाही. पराती-पातेल्यांच्या वळवलेल्या काठात बरेचदा लोखंडी तार असते, तिथे चुंबक चिकटणारच. पोटाला चिकटला तर वरून पिवळा मुलामा, आत लोखंड. लोखंडी कड्या असतील तर त्यांचं वजन कापून घ्या. तळाला लिंबू घासून पुसलं की रंग उघडा पडतो: लालसर ते तांबं, पिवळं ते पितळ.

मग टॉर्च आत धरून बाहेरून बघा, अंधारात धरलं तर सुईएवढं भोकही दिसतं. पोचे आले असतील तर घाबरू नका, तांबट ते ठोकून काढतो. भीती राखाडी, मऊ डागाची. नखाने किंवा चाकूने ओरखडा काढला की चकाकणारा तो डाग म्हणजे शिशाचं डाखकाम, शिसं वितळवून बुजवलेली जागा. ते भांडं कुंडीला घ्या, स्वयंपाकाला नाही. पिवळा सांधा मात्र चालतो. पितळेवर आधीच गुलाबी चट्टे दिसले तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि धातू ठिसूळ झालाय. ठोकाठोकीच्या भानगडीत पडू नका.

काश्याची वाटी बोटावर तोलून टिचकी मारा. नाद लांबला तर घ्या. ‘थप्’ आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, आणि कासं थंड ठोकून दुरुस्त होत नाही, फुटतं. समईचे सगळे भाग तिथल्या तिथे उघडून आटे बसतात का ते पाहा. दोन समयांचे तुकडे एकत्र विकण्याची खोड जुनी आहे. बंबात मधली नळी आणि तळाचा सांधा पाणी भरून तपासा.

घरी आणलं की आधी चिकटा काढा. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. तेलकट समईला हे दोनदा लागतं. मग 50 ग्रॅम चिंच पाव लिटर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ काढा, त्यात चमचाभर मीठ, आणि फडक्याने पाच मिनिटं घासून लगेच धुवा. चिंच रात्रभर लावून ठेवली की आम्ल जस्त ओढून घेतं आणि पितळ गुलाबी पडतं. तारेची घासणी नको. धुतल्यावर लगेच कोरडं करा, नाहीतर थेंबांचे डाग पडतात.

शोभेच्या वस्तूचं काम इथे संपतं. स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच, नाहीतर आंबट-ताकाच्या पदार्थांत हिरवं उतरतं. कल्हईवाला भांडं तापवून आत नवसागर टाकतो, त्यावर कथील फिरवून कापसाने पसरतो. त्याच्याकडची कथलाची कांडी मागून कानाशी धरून वाकवा: शुद्ध कथील बारीक कर्रकर्र आवाज करतं. शिसं मिसळलं की तो आवाज मंदावतो. कांडी गप्प राहिली तर दुसरा कल्हईवाला शोधा.

कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं कोरडं गॅसवर ठेवायचं नाही, आधी तेल किंवा पाणी, मग आंच. फोडणी वेगळ्या कढईत करून ओता. आतून रुपयाएवढा पिवळा डाग दिसायला लागला की पुन्हा कल्हई.